नाशिकची देवळं आणि लेणी: कोरीवकाम बघायचं असेल तर क्रम असा ठेवा

नाशिकला येणारी बहुतेक मंडळी एकाच चाकोरीतून जातात. सकाळी उशिरा रामकुंड, मग रांगेत काळाराम, सीता गुंफा, भर दुपारी मिसळ आणि ऊन डोक्यावर असताना पांडवलेणी. दर्शन होतं, फोटो होतात, पण दगडावर काय कोरलंय हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. दोष बघणाऱ्यांचा नाही. क्रम चुकतो, वेळ चुकते आणि नजर सरळ शिखराकडे जाते. खाली दिलेली पद्धत फक्त कोरीवकाम बघण्यासाठी आहे. दर्शनासाठी जाणार असाल तर ते वेगळ्या वेळी करा. दोन्ही एका फेरीत बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

आधीची तयारी

सामान फार लागत नाही. एक छोटा टॉर्च (मोबाइलचा चालेल, पण हातात धरायचा सुटा टॉर्च बरा), शक्य असेल तर साधी दुर्बीण, एक वही, पाण्याची बाटली, चपला ठेवायला कापडी पिशवी आणि जाड सुती मोजे. मोज्यांना हसू नका. मार्चनंतर दहा वाजले की देवळाच्या आवारातली काळी फरशी पाय भाजते. मग माणूस बघत नाही, सावली शोधत पळतो.

दुर्बीण विसरली तर शिखरावरचं काम सोडून द्या आणि खालच्या तीन मीटरवर लक्ष द्या. तिथेही भरपूर आहे.

दिवस निवडताना तीन गोष्टी तपासा. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी घाटावर उभं राहायला जागा नसते. (बाहेरून येणाऱ्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, रिक्षावाल्याला 'गंगेवर' म्हटलं की पुरतं.) रामनवमी ते रथोत्सव या काळात काळारामाकडे या कामासाठी जाऊ नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आहे का ते सकाळीच बघा. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे घाटाकडचे रस्ते आणि पार्किंग बदलत राहतं, म्हणून गाडी पंचवटी कारंजा परिसरातच ठेवून पायी उतरणं सोयीचं.

टप्पा १: उजेडाप्रमाणे क्रम लावा, अंतराप्रमाणे नाही

कोरीवकाम दिसतं ते सावलीमुळे. ऊन तिरपं असेल तर प्रत्येक खाचेत सावली पडते आणि मूर्ती उठून दिसते. ऊन डोक्यावर आलं की तोच दगड सपाट दिसतो. काळ्या बेसाल्टचं तर फारच लवकर सपाट होतं.

म्हणून दोन सकाळी धरा. पहिली सकाळ नदीकाठची: सुंदरनारायण, नारोशंकर, मग काळाराम. दुसरी सकाळ पांडवलेण्यांची. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट असेल तर लेणी आधी घ्या. तिथली चढण सकाळी सोसते. मात्र मग नदीकाठ चार वाजल्यानंतर.

तपासणी: सूर्योदयानंतर तासाभरात पहिल्या देवळापाशी असायला हवं. नऊला निघणार असाल तर तो दिवस दर्शनाला द्या.

टप्पा २: सुंदरनारायण, जुना आणि नवा दगड ओळखायला शिका

अहिल्याबाई होळकर पुलाजवळचं हे देऊळ गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलं. तोंड पूर्वेला. मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास उगवतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात, म्हणून त्या दिवसांत गर्दी असते. आपल्याला त्यातलं एवढंच घ्यायचं: पूर्वाभिमुख देवळाचा दर्शनी भाग सकाळी बघायचा.

दारात जाऊ नका. आधी रस्त्याच्या कडेला उभं राहून पूर्ण आकार बघा. पुढचे मंडप, त्यांच्या महिरपी कमानी, वर घुमट, मागे शिखर. महिरपीच्या कडेला पाकळ्यांसारखे गोल काप आहेत. ही कमान मुघल वाड्यांतून मराठा बांधकामात आली आणि अठराव्या शतकातल्या देवळांत सर्रास दिसते. घुमट आणि शिखर एकाच देवळावर बघून कोड्यात पडू नका, त्या काळात ते नेहमीचं होतं.

आता जवळ या आणि दगड तपासा. पुरातत्त्व विभागाने इथे दुरुस्तीचं काम काढलं, झिजलेले दगड बदलले. नव्या दगडाच्या कडा धारदार असतात, रंग एकसारखा असतो, नक्षीची खोली सगळीकडे सारखी असते. जुन्यावर तेलाची, धुराची, पावसाची पुटं असतात आणि हात लागेल त्या उंचीवर नाकं-बोटं गुळगुळीत झालेली असतात. हा फरक इथे एकदा ओळखता आला की पुढच्या प्रत्येक देवळात उपयोगी पडतो.

सावधान: झीज बघायला बोट फिरवू नका. ती झीज बोटांनीच झालेली आहे.

टप्पा ३: नारोशंकर, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पूल ओलांडून पंचवटीच्या काठाने खाली या. रामकुंडाजवळचं रामेश्वर मंदिर, म्हणजेच नारोशंकराचं देऊळ, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलं. नाशिकमधलं सर्वांत दाट कोरीवकाम इथलं, असं माझं मत आहे, आणि तरीही लोक त्याच्या भिंतीला टेकून वडापाव खातात. तासभर तरी हाताशी ठेवा.

पहिली पायरी, बाहेरचा कोट. देवळाभोवती तटासारखी भिंत आहे. कोपऱ्यांवर मेघडंबऱ्या (खांबांवरच्या छोट्या छत्र्या) होत्या, त्यांतली एक पुरात गेली. कोणत्या कोपऱ्यावर नाही ते शोधा. हे एवढ्यासाठी सांगतोय की त्या निमित्ताने माणूस आपोआप पूर्ण फेरी मारतो. नाहीतर दारातूनच परत फिरतो.

दुसरी पायरी, घंटा. प्रवेशाच्या बाजूला भिंतीवर उंच जागी टांगलेली मोठी घंटा म्हणजे नाशिककरांची 'नारोशंकराची घंटा'. ती देवळासाठी ओतलेली नाही. पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांबरोबर ठिकठिकाणच्या देवळांत पोचल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही अशाच घंटा आहेत. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. म्हणजे घंटा देवळापेक्षा सव्वीस वर्षांनी जुनी. 'विजयाच्या आठवणीसाठी घडवलेली घंटा' असं कुणी सांगितलं तर ही तीन सालं शेजारी लिहून बघा: १७२१, १७३९, १७४७.

बघायचं ते असं. आपल्या देवळातली घंटा बहुधा लहान, भक्ताच्या हाताला येईल अशी. चर्चची घंटा मनोऱ्यात टांगून दोरीने हलवायची, गावभर ऐकू जावी म्हणून. त्यामुळे ती रुंद, खालचा ओठ बाहेर पसरलेला, धातू तिथे जाड. खांद्यापाशी आणि कमरेपाशी गोल पट्टे. दुर्बीण लावून त्या पट्ट्यांवरून सावकाश फिरा. सकाळचं ऊन बाजूने असतं तेव्हाच उठाव कळतो. दुपारी ती नुसती काळी आकृती दिसते.

पुराच्या वेळी 'घंटेला पाणी लागलं का' असं विचारायची इथे पद्धत आहे. समोर नदीपात्रातला दुतोंड्या मारुती हे दुसरं माप: गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. १९६९ च्या पुराची आठवण जुनी माणसं याच मापांनी सांगतात. घंटा किती उंचावर आहे ते खालून बघा आणि मग नदीकडे बघा, पुराचा अंदाज येईल.

तिसरी पायरी, मुख्य देऊळ, खालून वर. इथेच बहुतेकांचं चुकतं. नजर थेट शिखरावर जाते, तिथे एवढं काही असतं की डोळा दमतो आणि माणूस 'छान आहे' म्हणून पुढे जातो. त्याऐवजी देवळाचे आडवे पट्टे पाडा. खाली जोतं, त्यावर भिंतीचा भाग, मग छज्जा, मग शिखर. एका फेरीत एकच पट्टा बघायचा. पहिल्या प्रदक्षिणेत फक्त जोतं. दुसऱ्या प्रदक्षिणेत भिंत. तिसऱ्यात शिखराचा खालचा भाग. प्रदक्षिणा डावीकडून उजवीकडे घालायची, देऊळ उजव्या हाताला. लोकांच्या उलट चालत कोरीवकाम बघू नका, धक्के खाल आणि बोलणीही.

भिंतीवर वाघ, हत्ती, माकडं अशी जनावरं सापडतील, योगासनात बसलेले साधू दिसतील. मला इथले मोर सगळ्यात आवडतात. खिडकीच्या कडेला बसलेला मोर, चोचीत मण्यांची माळ, आणि माळ खाली लोंबतेय. प्रत्येक मणी सुटा कोरलाय, दोन मण्यांच्या मधे छिन्नीचं टोक जाईल एवढीच खाच. एकच मोर निवडा. आधी डोळ्याने बघा, मग दुर्बिणीने, मग वहीत त्याचं वेडंवाकडं चित्र काढा. चित्र येत नसलं तरी काढा. काढताना लक्षात येतं की मान कुठून वळलीय आणि पिसारा दगडाच्या कोणत्या कडेला जागा मिळेल तसा दुमडलाय.

तपासणी: बाहेर पडण्याआधी वहीत चार ओळी हव्यात. खालच्या पट्ट्यावर काय, भिंतीवर काय, कोणतं जनावर सर्वांत जास्त वेळा, आणि तुटलेलं काय.

फोटोंबद्दल, मधेच

फोटो शेवटी काढा. सुरुवातीला मोबाइल हातात घेतला की डोळे बंद होतात. प्रत्येक ठिकाणी तीनच: पूर्ण देऊळ, एक भिंत, एक बारकावा. या क्रमाने काढले की घरी गेल्यावर कोणता मोर कुठल्या भिंतीवरचा ते कळतं. नुसत्या बारकाव्यांचे शंभर फोटो निरुपयोगी. गाभाऱ्यात आणि जिथे मनाई आहे तिथे विचारूही नका. बाकी ठिकाणी 'काका, बाहेरच्या खांबाचा फोटो काढला तर चालेल ना?' असं पुजाऱ्यांना सरळ विचारलं की बहुतेक वेळा परवानगी मिळते, वर एखादी जागाही दाखवतात. फ्लॅश नको. तो समोरून पडतो आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतो.

टप्पा ४: काळाराम, मूर्ती शोधू नका, घडाई बघा

नारोशंकर बघून आलेला माणूस इथे हिरमुसतो, कारण भिंती त्यामानाने साध्या आहेत. या देवळाचं वैभव दगड बसवण्यात आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं. दगड रामशेज डोंगराकडचा असल्याचं सांगतात.

आवारात शिरल्यावर आधी सभामंडपात जा. तो देवळापासून सुटा आहे, चारही बाजूंनी उघडा, चाळीस खांबांचा. एका टोकाला उभं राहून खांबांच्या रांगेतून गाभाऱ्याकडे बघा. मग आवाराच्या कडेने ओवऱ्यांतून चाला. कमानी मोजत बसायचं नाही, कमानीतले दगड बघायचे: प्रत्येक दगड पाचरीसारखा, आणि मधला दगड निघाला तर सगळी कमान खाली येईल. सांधे नखाने चाचपायचा मोह होतो, तो आवरा. नजरेनेच सांधा किती बारीक आहे ते कळतं.

बाहेर पडताना दरवाज्यापाशी थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो या दारांसाठी. दादासाहेब गायकवाड त्यातले आघाडीचे. आत सहज जाऊन सांधे बघता येणं सगळ्यांच्या वाट्याला कधीपासून आलं, हे दारात उभं राहून आठवलेलं बरं.

टप्पा ५: वेळ उरला तर शरणपूर

नारोशंकराची घंटा बघून चर्चबद्दल कुतूहल वाटलं असेल तर शरणपूरकडे जा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात इथे वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या शाळेत शिकली. आफ्रिकेत मरण पावलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता.

जुनं चर्च बघायची रीत देवळाच्या उलट. देवळाची नक्षी बाहेरून, चर्चची बरीचशी आतून बघायची. रंगीत काचा बाहेरून काळपट दिसतात. आत उभं राहा, बाहेर लख्ख ऊन असू द्या, मगच रंग उजळतात. टोकदार कमानी, लाकडी छताच्या कैच्या, वेदी, बाप्तिस्म्याचं पात्र आणि भिंतीवरच्या स्मृतिशिला या क्रमाने बघा. शिला वाचायला विसरू नका, बहुतेक जण त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात. रविवारी उपासनेच्या वेळी बघायला जाऊ नका. इतर दिवशी कुलूप असेल तर आवारातल्या माणसाला विचारायचं, 'नाही' म्हणाले तर परत फिरायचं. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेत प्रचंड गर्दी असते, ते दिवसही टाळा.

टप्पा ६: पांडवलेणी, चोवीसपैकी तीन

मुंबईच्या रस्त्याला, शहरापासून आठ-एक किलोमीटरवर. पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे आधी रेंगाळलात तर ऊन चढेल. सुमारे दोनशे पायऱ्या. उघडताक्षणी चढा.

लेणी चोवीस आहेत आणि चुकीचा मार्ग म्हणजे पहिल्यापासून सुरू करून चोविसाव्यापर्यंत जाणं. अर्ध्या वाटेत सगळी एकसारखी दिसायला लागतात. तीन निवडा: दहा, तीन, अठरा. याच क्रमाने.

आधी दहावं. क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलेलं. ओसरीच्या खांबाकडे बघा: तळाशी घट, त्यावर अठपैलू खांब, वर उलट्या घंटेसारखं शीर्ष, आणि त्याच्यावर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरं. हे चार भाग वहीत लिहा.

मग ओसरीच्या मागच्या भिंतीवर छताखालच्या ओळींकडे टॉर्च धरा. टॉर्च समोरून मारू नका. हात लांब करून भिंतीला जवळजवळ समांतर धरा, अक्षरांच्या खाचांत सावली भरते. लेख ब्राह्मी या जुन्या लिपीत आहे, पण सुरुवातीचं 'सिधं' (शुभारंभाचा शब्द) एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. इथल्या एका लेखात उषवदाताने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवल्याचं नोंदवलंय: दोन हजारांवर महिना शेकडा एक, हजारावर महिना शेकडा पाऊण व्याज. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून इथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंचा खर्च. आजच्या मुदत ठेवीची पावती डोंगरात कोरून ठेवावी, तसं हे.

सावधान: अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पाणी, कुंकू काहीही लावायचं नाही. हे संरक्षित स्मारक आहे आणि तो गुन्हा आहे.

आता मागे फिरून तिसरं. हे सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी दान दिलं, तो लेख इथे आहे. आत घुसू नका, आधी ओसरीच्या खाली बघा. सहा धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर आलेले, खांद्यावर ओसरीचा भार घेतलेले. गालफुगे, दमलेले. मग खांबशीर्षं बघा आणि दहाव्याची टिपणं काढा. तिथली घंटा इथे बसकी होऊन मडक्यासारखी झालीय. नहपानाला हरवणाऱ्यांनी त्याच्याच जावयाच्या लेण्याचा नमुना समोर ठेवला, हे दोन्ही एकामागोमाग बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून क्रमांकाने जायचं नाही.

मधल्या दाराच्या चौकटीला किमान पंधरा मिनिटं द्या. दगडात लाकडी तोरणाची नक्कल आहे, दोन्ही बाजूंनी छोट्या चौकोनांत माणसांच्या जोड्या. चौकोन खालून वर वाचत जा. दाराच्या वर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र.

शेवटी अठरावं, इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. दारावरच्या कमानीत लाकडी वाशांची टोकंसुद्धा दगडात कोरली आहेत. कमानीवरचा लेख सांगतो की हे दान नाशिककरांच्या धंभिक गावाचं. राजाचं नव्हे, गावाचं.

तपासणी: उतरण्याआधी दहा आणि तीनच्या खांबांचं रेखाटन शेजारी शेजारी हवं. नसेल तर परत जा, अंतर फार नाही.

पुढची फेरी

याच पद्धतीने आणखी एक ठिकाण करायचं असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर घ्या, नाशिकपासून साधारण तीस किलोमीटर. यादवकाळातलं शैव पंचायतन आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्याची छोटी देवळं. आवार मोकळं असल्याने संध्याकाळचं ऊन अडवणारं काही नाही, म्हणून हे एकच ठिकाण मी दुपारनंतर सांगतो. चारच्या आत पोचा, पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि जोत्याचा पट्टा पहिल्या फेरीतच संपवा. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार वगळून कोणताही दिवस चालतो.